साक्षगंधापूर्वी रक्ताची तपासणी : सिकलसेल आणि आपले कर्तव्य

विदर्भात सोयरीक जुळविताना गोत्र, कुळ, देव यांची चौकशी काटेकोरपणे होते. रक्ताची मात्र होत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया, तसेच मेळघाट व नंदुरबार या भागांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने हा विषय वैद्यबंधूंसमोर मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

या विकारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेतात व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. तीव्र वेदना, पांडुता, कामला व वारंवार जंतुसंसर्ग ही प्रमुख लक्षणे होत.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीचा विचार आहे. त्यामुळे आनुवंशिकता आपणांस नवी नाही. तथापि गोत्र भिन्न असले म्हणजे धोका टळला, हा समज चुकीचा आहे. वाहक दोन्ही कुळांत असू शकतात.

दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के व निर्दोष होण्याची २५ टक्के असते. एक अपत्य रुग्ण जन्मले म्हणजे पुढील तीन सुटली, असे नव्हे. रुग्ण व वाहक यांच्या विवाहात रुग्ण अपत्याची शक्यता ५० टक्के असते. मात्र जोडीदारांपैकी एक वाहक असून दुसरा सिकलसेल व थॅलसेमिया या दोहोंपासून मुक्त असेल, तर रुग्ण अपत्य होत नाही.

आमच्या पाहण्यातील एक प्रसंग येथे नमूद करतो. साक्षगंधानंतर मुलगी वाहक असल्याचे कळले, वार्ता गावभर झाली आणि सोयरीक मोडली. मुलाची तपासणी कोणी केलीच नाही! तो निर्दोष असता, तर भीतीचे कारणच नव्हते. म्हणून तपासणी महाविद्यालयीन वयातच, मुलगा व मुलगी दोघांचीही व्हावी.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीने वाहक व रुग्ण हा भेद कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी अथवा इलेक्ट्रोफोरेसिस करावे लागते.

व्यवसायबंधूंनी पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात :

१. वाहक हा रुग्ण नव्हे. त्यास औषध देऊ नये, धीर द्यावा.

२. अहवाल ज्याचा त्यालाच सांगावा. दोघे वाहक असल्यास त्यांना आनुवंशिकी सल्ला व गर्भनिदानाची माहिती मिळवून द्यावी, निर्णय त्यांचाच.

३. पांडुता दिसताच लोह, मंडूर सरसकट योजू नयेत. लोहाची कमतरता आधी सिद्ध व्हावी. सांध्यांच्या वेदनेस तपासणीविना आमवात म्हणू नये.

४. तरुण ग्राहक वारंवार वेदनाशामक गोळ्या मागत असेल, तर औषध विक्रेत्यांनी त्यास तपासणीस पाठवावे.

५. रुग्णाचे हायड्रॉक्सियुरिया आपल्या सांगण्यावरून बंद होऊ नये.

लग्नाचा विषय निघाला की अनेक कुटुंबे वैद्याचा शब्द घेतात. तो शब्द पत्रिका छापण्यापूर्वी उच्चारला जावा, एवढीच आमची विनंती आहे.