बसलेल्या इंजिनाचा सौदा

२०१९ च्या फेब्रुवारीत लातूरच्या एका आडत्याच्या गोदामात, हरभऱ्याच्या थप्पीमागं, ताडपत्रीखाली ती मला दिसली. लाल रंग, काढता येणारं छत, दोनच माणसांची जागा. सॅन स्टॉर्म. १९९८ साली बाजारात आलेली, गोव्यात तयार होणारी ही छोटी स्पोर्ट्स कार मी कॉलेजात असताना मासिकातच पाहिली होती. फायबरची बॉडी आणि रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. ताकद साठेक हॉर्सपॉवर. आजची साधी हॅचबॅकही तिला मागं टाकेल. पण ताडपत्री सरकवताना हे आकडे कुणाला आठवतात?

"फक्त गॅस्केट गेलंय, भाऊ. पन्नास हजारात रोडवर येते," आडत्याचा मुलगा म्हणाला. चालू गाडी पाच लाखांना जाते, म्हणून बंद गाडीचे सव्वातीन. मी घासाघीस करून दोन लाख चाळीस हजारांवर आणली आणि अहमदपूर, लोहा करत नांदेडला परतताना वाटभर स्वतःवर खूश होतो. पाचातून पन्नास हजार गेले तरी साडेचार उरतात; म्हणजे दोन लाख दहा हजार आपण कमावलेच! गणित चोख होतं. त्यात घातलेले दोन्ही आकडे तेवढे विकणाऱ्याच्या तोंडचे होते.

गाडी ट्रकवर घालून नांदेडला आणायला अकरा हजार लागले. गॅरेजच्या उस्तादांनी ऑइलचं झाकण काढून मला बोलावलं. आतल्या बाजूला दुधाळ चहाच्या सायीसारखा थर होता, म्हणजे पाणी ऑइलात उतरलेलं. इथवर गॅस्केटची गोष्ट खरी होती. मग हेड काढलं. पट्टी ठेवून पाहिली तर मधून उजेड दिसत होता. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलेलं. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर नखाला अडकतील असे ओरखडे, आणि पिस्टन चिकटलेला. फोनवर खोदून विचारलं तेव्हा कळलं, की तापमानाचा काटा रेणापूर फाट्यापासूनच लाल रेघेवर होता आणि तरी पोरानं गाडी घरापर्यंत दामटली होती. गॅस्केट उडणं ही सुरुवात होती. त्यानंतरचे ते किलोमीटर मी विकत घेतले होते.

बरं, हेडचं फेसिंग, ब्लॉकचं बोअरिंग हे नांदेडच्या लेथवर होतं. पण बोअर वाढवल्यावर ओव्हरसाइज पिस्टन कुठून आणायचे? हे इंजिन रेनॉच्या क्लिओ आणि ट्विंगोत असायचं आणि त्या गाड्या आपल्याकडे कधी विकल्याच गेल्या नाहीत. महिंद्राबरोबर २००७ साली आलेल्या लोगनची इंजिनं वेगळी. उस्तादांनी दोन दिवस फोन फिरवून आकडा सांगितला: एक लाख नव्वद हजार, आणि पिस्टन, रिंगा, बेअरिंग हाती पडायला किती महिने लागतील ते सांगता येत नाही.

माझा आज्जा माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी बैल घ्यायचा. दात बघायचा, खूर बघायचा, रुमालाखाली बोटं धरून भाव करायचा. पण बसलेलं जनावर उठवून, चार पावलं चालवून पाहिल्याशिवाय तो रुमालाखाली हातच घालत नसे. बैलवाला "दमलंय, लांबून आलंय" म्हणाला की आज्जा समोरच बसून राहायचा, तंबाखू मळत. आणि मी? बसलेल्या इंजिनाला फक्त दमलंय म्हणून घरी घेऊन आलो.

उठवून बघणं गाडीच्या बाबतीतही अवघड नाही. स्पार्क प्लग काढायचे, क्रँकच्या पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हातानं फिरवायचं. पूर्ण दोन फेरे फिरलं तर निदान जाम नाही. अडलं तर जोर करू नका. टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह पिस्टनला भिडलेले असू शकतात. प्लगच्या भोकातून मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा सोडला तर सिलिंडरची भिंत दिसते; असा कॅमेरा हजार-दीड हजारात मिळतो. इंजिन फिरत असेल तर कॉम्प्रेशन मोजायचं; एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार पडला तर दुखणं तिथं आहे. विकणारा यातल्या एकालाही नाही म्हणाला, तर इंजिन पूर्ण गेलं असं धरूनच भाव बोला. आणि हेड आधीच उघडून भाग पोत्यात भरून ठेवलेले असतील तर पोतं रिकामं करून मोजा. हरवलेला एखादा ब्रॅकेट अशा गाडीला महिनाभर अडवतो.

आता भाव. सुरुवात चालू गाडीच्या किमतीपासूनच करायची, पण मागितलेल्या नव्हे, प्रत्यक्ष मिळालेल्या. अशा गाड्यांचे सौदे इतके थोडे होतात की बाजारभाव नावाची गोष्टच नसते. मी नंतर जुन्या मालकांना गाठून विचारलं. पाच लाख जाहिरातीत होते, पैसे साडेतीनच्या आसपास हातात पडत होते. विम्याच्या कागदावरच्या किमतीचा आधार घेऊ नका. पाच वर्षांनंतर ती मालक आणि कंपनी आपसांत ठरवतात, आणि ती चालू गाडीची असते.

या साडेतीन लाखांतून दुरुस्तीचा वाईटातला वाईट आकडा वजा करायचा, म्हणजे एक नव्वद. मग वाहतुकीचे अकरा हजार आणि कागदपत्रांचे पंधरा. उरले एक लाख चौतीस हजार. इथं थांबायचा मोह होतो, पण जोखमीचेही पैसे कापायचे असतात. उघडलेलं इंजिन आणखी काही मागतंच: वॉटर पंप, क्लच, वर्षानुवर्षं पडून गंजलेली टाकी. दुरुस्तीच्या अंदाजाचा पाचवा हिस्सा तरी त्यासाठी धरावा. मी चाळीस हजार धरतो. आले चौऱ्याण्णव हजार. मी दिले होते दोन लाख चाळीस.

गंमत अशी की हा हिशेब त्या आडत्याला माझ्यापेक्षा चांगला येत होता. सोयाबीनचा ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की त्याच्याच पेढीवर शेतकऱ्याच्या भावाला कात्री लागते. काडीकचरा वेगळा कापतात. शेतकरी "उन्हात दोन दिवस ठेवलं की वाळतंय हो" म्हणाला म्हणून कोणी वाळल्याचा भाव देत नाही. मला मात्र त्यानं ओला माल वाळल्याच्या भावानं दिला, आणि मी आनंदानं घेतला.

चौऱ्याण्णवच्या खाली कुठवर जायचं? साध्या गाडीला तळाचा भाव भंगारवाला देतो, वजनावर. फायबरच्या बॉडीला तो हात लावत नाही. सांगाडा, चाकं, बॅटरी एवढंच मोजतो. दुर्मिळ गाडीचा तळ वेगळा असतो. काच, दिवे, दारं, मीटर यांसाठी दुसरा एखादा मालक अडून बसलेला असतो. सुटे भाग विकायचे ठरवलंत तर आरसीचं काय करणार ते आधी ठरवा. नोंद तुमच्या नावावर आणि गाडीचा पत्ता नाही, असं व्हायला नको.

कागदांत मी दुसऱ्यांदा आपटलो. गाडीची पहिली नोंदणी नोव्हेंबर २००४ ची होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी आरटीओत गाडी दाखवावी लागते, आणि बंद गाडी तपासणीत पास होत नाही. माझ्या हातात नऊ महिने होते. ते पिस्टनची वाट बघण्यात गेले, पाठोपाठ टाळेबंदी आली. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाला उशीर झाला की कारला महिन्याला पाचशे रुपये जादा लागू झाले. तेव्हा बंद गाडी बघताना आरसीवरची मुदतीची तारीख इंजिनाइतकीच निरखून बघा. दुसरं इंजिन बसवायचा विचार असेल तर त्याच्या खरेदीची पावती हवी आणि चौदा दिवसांत आरटीओला कळवून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवायला हवा. नोंद नसलेलं इंजिन पुढच्या गिऱ्हाइकाला भाव पाडायला आयतं कारण देतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मी विकायला काढली. घरच्यांचा सल्ला होता, हेड परत बसवून टाक, कोण उघडून बघतंय? मी उलट केलं. इंजिन उघडंच ठेवलं, ओरखड्यांचे फोटो काढले, उस्तादांचा अंदाज कागदावर लिहून घेतला. यात साधुपणा कमी आणि व्यवहार जास्त होता. झाकलेल्या इंजिनाला घेणारा भीतीपोटी आणखी पन्नास हजार कापतो. उघड्याला दिसतंय तेवढंच. चौऱ्याण्णवातून वीस महिन्यांचा दंड, दहा हजार, गेला. घासाघिशीला जागा ठेवून मी नव्वद मागितले.

उदगीरकडचे एक गृहस्थ आले. स्वतःचं लेथचं दुकान होतं. त्यांनी नख लावून ओरखडा पाहिला, कागद वाचला, पोत्यातले भाग सतरंजीवर मांडून एकेक मोजले. "पंच्याऐंशी. जास्त बोलत नाही, मामा," म्हणाले. मी हो म्हटलं. मुद्रांकावर गाडी बंद असल्याचं आणि काय काय बिघडलंय ते लिहिलं, ताबा दिल्याची तारीख आणि वेळही घातली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी नोंदीवरच्या मालकाची राहते असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये म्हटलं आहे. गाडी बंद होती म्हणून काय, ते गृहस्थ ती चालू करणारच होते. त्यामुळे आरसीवर त्यांचं नाव चढेपर्यंत पाच हजार मी त्यांना माझ्याकडे अनामत ठेवायला लावले. ते हसले, पण तयार झाले.

ट्रकवर चढवताना त्यांनी ताडपत्रीही मागितली. ती मी दिली नाही. लातूरहून गाडीबरोबर आलेली तेवढी एकच गोष्ट धड होती. गेल्या पावसाळ्यात गोठ्यावर घातली, अजून एक थेंब गळत नाही.