ताज्या श्रावण घेवड्याची भाजी: तोडणीपासून ताटापर्यंत

श्रावण घेवडा कसा पिकवावा याविषयीं शेतकऱ्यास पुष्कळ सांगितलें जातें. बियाणें कोणतें घ्यावें, ओळींतील अंतर किती ठेवावें, तांबेऱ्यावर उपाय काय, या सर्व गोष्टींची चर्चा होते. परंतु पिकविलेला घेवडा घरीं खावा कसा, हा प्रश्न स्वयंपाकघराचा म्हणून आपण सोडून देतों. वस्तुतः भाजी चांगली होणें वा बिघडणें हें निम्मेंअधिक शेतांतच ठरलेलें असतें. कोवळा माल जाळींत भरून बाजारास पाठवावयाचा आणि राहिलेला, जून झालेला माल घरांत आणून टाकावयाचा, ही आपली नित्याची रीत आहे. प्रस्तुत लेखकाच्या घरींही तीच होती. एकदां पावसानें तोडणी लांबली व तशाच शेंगा घरीं आल्या. पाऊण तास शिजवूनही त्या दोरखंडासारख्या राहिल्या. मुलांनीं ताटाच्या कडेस दोरांचा ढीग केला आणि दोष मात्र रांधणाऱ्या माउलीच्या माथीं आला. तो दोष तिचा नव्हता, माझा होता.

नांवाचा घोटाळा प्रथम दूर केला पाहिजे. घेवडा या शब्दानें कोठें वालवर्गांतील शेंग समजतात, तर कोठें श्रावण घेवडा. येथें विचार केला आहे तो दुसऱ्याचा. यासच शहरांत फरसबी म्हणतात, व तें नांव ‘फ्रेंच बीन’ या इंग्रजी नांवाचेंच मराठी रूप होय. पीक मात्र मूळचें फ्रान्सचें नव्हे, अमेरिका खंडाचें. १४९२ नंतर तें युरोपांत आलें व तेथून इतरत्र पसरलें. सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव भागाचा प्रसिद्ध वाघ्या घेवडा व बाजारांतील राजमा हे याच जातीचे वाळलेले दाणे होत.

शेंग जून होते म्हणजे काय होतें, तें पाहूं. तिच्या दोन्ही शिवणींवर व सालीच्या आंत काष्ठमय तंतु तयार होतात. उष्णतेनें शेंगेचा मांसल भाग मऊ पडतो, परंतु हे तंतु कितीही शिजविले तरी मऊ पडत नाहींत. म्हणून परीक्षा शेतांतच करावी. शेंग वाकवितांच कट्‌कन मोडावी, मोडल्या जागीं दोर लोंबूं नये, आणि बाहेरून दाण्याचे उंचवटे दिसूं नयेत. ‘कंटेंडर’, ‘अर्का कोमल’ यांसारख्या झुडुपी वाणांची तोडणी पेरणीपासून सुमारें दीड महिन्यानें सुरू होते. त्यापुढें दर तीन-चार दिवसांनीं शेंगा काढाव्या लागतात. एक पाळी चुकली कीं माल जून झालाच. दाणे भरलेल्या शेंगांची भाजी करण्याचा हट्ट धरूं नये. साल टाकून दाणे सोलावेत व त्यांची उसळ करावी.

दंव ओसरल्यावर सकाळीं तोडणी करावी, कारण ओल्या झाडांत फिरल्यानें रोग पसरतो. औषध फवारलें असल्यास वेष्टनावर छापलेले थांबण्याचे दिवस पुरे झाल्यावांचून शेंग तोडूं नये. बाजाराच्या मालास एक नियम व घरच्या मालास दुसरा, असें करूं नये. आंतरप्रवाही औषध धुण्यानें निघून जात नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. तोडलेला माल सावलींत ओलसर फडक्याखालीं ठेवावा. शीतकपाट असल्यास भाजीच्या खालच्या कप्प्यांत ठेवावा. फार थंडींत शेंगेवर डाग पडतात.

आतां शिजविण्याविषयीं. शेंगा अख्ख्याच धुवाव्यात, मग चिराव्यात. चिरून पाण्यांत ठेवल्यास क जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातें. रंग काळपट होण्याचें कारण आंबटपणा होय. हिरव्या रंगद्रव्यांतील मॅग्नेशियम आम्लामुळें सुटतें व भाजी शेवाळी दिसूं लागते. शेंगेंतच थोडें आम्ल असतें, व त्याचा कांहीं भाग वाफेबरोबर निघून जातो. म्हणून पहिलीं तीन-चार मिनिटें झांकण ठेवूं नये. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो प्रारंभीं घातल्यास रंग तर जातोच, शिवाय शेंगही लवकर मऊ होत नाहीं. विहिरीचें पाणी जड असल्यास त्यांतील चुन्यामुळेंही तसेंच होतें. यावर कित्येक घरीं चिमूटभर सोडा घालतात. सोड्यानें भाजी हिरवीगार दिसते खरी, पण लगदा होतो व जीवनसत्त्वांचा नाश होतो. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांतही भाजी हिरवी राहते. तो हिरवेपणा तांब्याच्या क्षाराचा असतो, व तो पोटांत जाऊं देणें शहाणपणाचें नव्हे.

लवकर उतरावयाची म्हणून ती कच्ची ठेवावी असें मात्र नव्हे. या जातींत एक विषारी प्रथिन असतें. वाळलेल्या तांबड्या दाण्यांत तें सर्वांत अधिक, कोवळ्या शेंगेंत कमी. त्यानें ओकारी व जुलाब होतात. खळखळत्या उकळीनें तें नष्ट होतें, परंतु उकळी न येतां मंद निखाऱ्यावर ठेवलेल्या दाण्यांत तें टिकून राहतें. म्हणून मुलांना कच्च्या शेंगा चघळूं देऊं नयेत. वाळलेले दाणे रात्रभर भिजवून, तें पाणी टाकून, नव्या पाण्यांत निदान अर्धा तास खळखळून उकळावेत.

आमच्या घरची रीत अशी. अर्धा किलो कोवळ्या शेंगांचीं टोकें काढून त्या बोटाच्या पेराएवढ्या किंवा त्याहून बारीक चिराव्यात. दोन चमचे तेलांत मोहरी, हिंग, हळद व दोन हिरव्या मिरच्या यांची फोडणी करून त्यांत शेंगा परताव्यात. मीठ व अर्धी वाटी पाणी घालून उकळी येऊं द्यावी, मग झांकण ठेवावें. एकंदर दहा-बारा मिनिटें पुरतात. दाणा चावून पाहावा. कचकच लागल्यास आणखी दोन मिनिटें ठेवावी. पाणी फेकूं नये, आटवावें. शेवटीं मूठभर ओलें खोबरें किंवा भाजलेल्या शेंगदाण्यांचें कूट आणि कोथिंबीर घालावी. अर्धी वाटी भिजविलेली मुगाची डाळ शेंगांबरोबरच टाकल्यास तीच भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर पोटभरीची होते.

लिंबू कढईंत न पिळतां ताटांत वाढावें. शेतावर डबा न्यावयाचा असल्यास त्याची फोड वेगळी बांधून द्यावी, म्हणजे दुपारपर्यंत भाजीचा रंग व चव दोन्ही राहतात.