कुत्रा पाळणाऱ्याचे उत्तरदायित्व

खेड्यात बहुतेक वाड्या-वस्त्यांवर कुत्रा असतो. पण तो कोणास चावला की त्याचा धनी सापडत नाही. उरलीसुरली भाकरी टाकली म्हणजे कर्तव्य संपले, ही समजूत घातक आहे. पिलू तीन महिन्यांचे होताच पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यास अलर्क रोगाची, म्हणजेच रेबीजची, प्रतिबंधक लस टोचून घ्यावी व पुढे दरवर्षी द्यावी. ग्रामपंचायतीने या लसीकरणाची नोंद ठेवल्यास धनीही आपोआप सापडेल!

शिक्षकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष पुरवावे. पिलाशी खेळताना दात लागला, तर वडीलधारे रागावतील म्हणून मुले ते लपवितात. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. तत्पूर्वी मात्र लस त्यास वाचवू शकते. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, तीत हळद, चुना वा तिखट भरू नये आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. पोटात घ्यावयाच्या १४ इंजेक्शनांची धास्ती अद्याप अनेकांच्या मनात आहे. मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या त्या जुन्या लसीचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस थांबले. आता लस दंडात टोचतात. चावणारे कुत्रे मारू नये. दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवावे. उपचार मात्र तोवर थांबवू नयेत.