उद्या कॉलेज ठेवायचं का? पांझरेकाठच्या महाविद्यालयासाठी पावसाळी कृती

प्राचार्यांनी पावसाळ्याची जबाबदारी तुमच्याकडे दिली ना? छान झालं. घाबरू नका, खुर्ची ओढा आणि शेजारी बसा. जून ते सप्टेंबर हे काम कसं करायचं ते आपण एकेक पायरी करत पाहू. क्रम मात्र बदलायचा नाही. धुळ्यात घोटाळा होतो तो बहुतेक वेळा पायरी गाळल्यामुळे किंवा पुढची आधी घेतल्यामुळे.

साहित्य: दोनशे पानी वही, चार्ज केलेले दोन फोन, मुलामुलींची गावनिहाय यादी, कॉलेजच्या सगळ्या चाव्यांचा एक जादा जुडगा, टॉर्च आणि मोठ्या आवाजाचा भोंगा.

जूनमध्येच, पाऊस यायच्या आधी

1. प्रत्येक वर्गात जाऊन गावनिहाय यादी करा. नाव, गाव, घरचा फोन, कोणत्या एसटीने येतो आणि वाटेत कोणता नाला किंवा फरशी (पाण्याखाली जाणारा बुटका पूल) लागते, एवढे पाच रकाने पुरे. *सांभाळा:* प्रवेश अर्जावरचा पत्ता उतरवू नका. तिथे पुष्कळदा मामाचं किंवा धुळ्यातल्या खोलीचं नाव असतं आणि मूल रोज कापडण्याहून ये-जा करत असतं.

2. यादीत नदी ओलांडून येणाऱ्यांपुढे लाल खूण करा. कॉलेज नदीपलीकडच्या देवपुरात असेल तर मुख्य बसस्थानकावर उतरणारं प्रत्येक मूल पांझरा ओलांडूनच तुमच्याकडे येतं. *सांभाळा:* शहरात राहणारी मुलंही यात येतात. जुन्या धुळ्यातून सायकलवर येणारी मुलगी आपण विसरतो, कारण ती ‘गावची’ नसते.

3. निर्णय कोणी घ्यायचा, हे प्राचार्यांच्या सहीने लिहून घ्या. पहिलं नाव प्राचार्यांचं, दुसरं उपप्राचार्यांचं, तिसरं कार्यालय अधीक्षकांचं. *सांभाळा:* तिसरं नाव टाळू नका. प्राचार्य बैठकीला जळगावला गेलेले आणि उपप्राचार्यांचा फोन बंद, हे नेमकं पुराच्या दिवशीच घडतं.

4. तीन संदेश आधीच लिहून फोनमध्ये ठेवा: ‘आज कॉलेज बंद’, ‘आज कॉलेज इतक्या वाजता सुरू’ आणि ‘मुलं कॉलेजमध्येच थांबली आहेत’. *सांभाळा:* तारीख आणि वार यांची जागा मोकळी सोडा, पण पाठवताना ती भरल्याशिवाय बोट पुढे नेऊ नका. बिनतारखेचा संदेश पुढच्या आठवड्यात परत फिरतो आणि भर उन्हात वर्ग रिकामे पडतात.

5. कार्यालयाच्या भिंतीवर फोन नंबर ठळक लावा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077, तातडीची मदत 112, रुग्णवाहिका 108. त्याखाली तहसील आणि एसटी आगाराचे नंबर. *सांभाळा:* लावल्यावर तहसील आणि आगाराला एकदा फोन करून पाहा. बदललेले नंबर तेव्हाच कळलेले बरे.

6. 2019च्या ऑगस्टमध्ये पांझरेला पूर आला तेव्हा पाणी तुमच्या आवारापर्यंत किंवा रस्त्यापर्यंत कुठे पोहोचलं होतं, ते जुन्या शिपायांना विचारून भिंतीवर रंगाने रेघ मारा. *सांभाळा:* रेघेखालच्या खोलीत कागदपत्रं, यूपीएस आणि प्रयोगशाळेची रसायनं राहू देऊ नका.

आदल्या संध्याकाळी

7. हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा पाहा. मुंबईचं प्रादेशिक हवामान केंद्र धुळे, नंदुरबार, जळगाव, नाशिक यांचे रंग वेगवेगळे देतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे गेला की तो जोरदार पाऊस, 115.6 पासून अतिजोरदार. *सांभाळा:* रंग म्हणजे सुट्टी नव्हे. नारंगी दिसला म्हणून लगेच सुट्टीचा संदेश पाठवू नका.

8. आता साक्रीला फोन करा. ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबू या. धुळ्यात ऊन पडलेलं असताना पांझरेला पूर येतो, कारण ते पाणी आपल्या डोक्यावरच्या ढगातलं नसतं. पाऊस पडतो पश्चिमेला, पिंपळनेरकडच्या डोंगरांत. लाटीपाडा, मालनगाव, जामखेली ही वरची धरणं भरून वाहू लागली की सगळं पाणी अक्कलपाड्याच्या धरणात जमा होतं, आणि तिथून सोडलं की नेरवरून थेट आपल्या पुलांखाली. म्हणून पिंपळनेर, साक्री आणि नेर या तीन गावांतल्या एकेका ओळखीच्या माणसाला, शक्यतो तिथल्याच माजी विद्यार्थ्याला, एकच प्रश्न विचारा: “दुपारपासून पाऊस थांबला की चालूच आहे?” *सांभाळा:* खिडकीतून धुळ्याचं आभाळ बघून निर्णय घेऊ नका. मी हे वर्गात, बैठकीत, चहाच्या टपरीवर, सगळीकडे सांगत असतो आणि सांगतच राहणार.

9. नियंत्रण कक्षाकडून अक्कलपाड्याचा विसर्ग विचारून वेळेसह वहीत लिहा. आकडा क्युसेकमध्ये मिळेल. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर पाणी. *सांभाळा:* एका आकड्यावर विसंबू नका. दोन तासांनी परत विचारा, कारण तुम्हाला कळायला हवं ते हे की विसर्ग वाढतोय की कमी होतोय. सोडलेलं पाणी शहराजवळ यायला किती वेळ लागेल, हेही त्यांनाच विचारा.

10. एसटी आगारात फोन करून उद्या सकाळच्या कोणत्या फेऱ्या नाहीत ते विचारा. *सांभाळा:* परतीच्या फेऱ्याही विचारा. सकाळची गाडी आली आणि संध्याकाळची रद्द झाली, तर मूल धुळ्यात अडकतं.

11. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला असेल तर तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचा. 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली काढलेला हा आदेश आपल्याला बंधनकारक आहे. चार गोष्टींवर बोट ठेवा: तारीख कोणती, तालुका कोणता, ‘महाविद्यालये’ हा शब्द आहे की फक्त शाळा आणि अंगणवाड्या, आणि कर्मचाऱ्यांनी हजर राहायचं आहे की नाही. *सांभाळा:* व्हॉट्सअ‍ॅपवर मागच्या वर्षीचे आदेशही फिरत असतात. जावक क्रमांक आणि तारीख जुळत नसेल तर 1077 वर विचारा, मगच पुढे पाठवा. आणि विद्यार्थ्यांना सुट्टी म्हणजे शिक्षकांनाही सुट्टी, असं धरून चालू नका. अनेकदा त्यांना हजर राहायला सांगितलेलं असतं.

12. आदेश नसेल तर यादी समोर ठेवून प्राचार्यांकडून निर्णय घ्या. माझा नियम सांगतो: सगळ्यांत लांबच्या गावचं मूल संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचेल का, एवढंच विचारायचं. उत्तर ‘हो’ असेल तर कॉलेज सुरू. उत्तर ‘सकाळी अवघड, दहानंतर जमेल’ असेल तर उशिरा. ‘सांगता येत नाही’ असेल तर बंद. *सांभाळा:* कॅम्पसजवळच्या मुलांची सोय मोजून निर्णय घेऊ नका. शिंदखेड्याकडे बुराई, शिरपूरकडे अरुणावती, साक्रीकडे कान नदी, प्रत्येकीची फरशी वेगळ्या वेळी बुडते.

13. विद्यापीठाची परीक्षा असेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला लगेच कळवा. *सांभाळा:* कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा पेपर कॉलेज आपल्या मनाने पुढे ढकलू शकत नाही. त्यांचं परिपत्रक येईपर्यंत मुलांना ‘पेपर रद्द’ म्हणू नका. ‘विद्यापीठाला कळवलं आहे, आठ वाजता पुन्हा सांगतो’ असं म्हणा आणि आठ वाजता खरंच सांगा.

14. रात्री नऊच्या आत संदेश पाठवा. *सांभाळा:* सगळ्या मुलांकडे रिचार्ज असेलच असं नाही. प्रत्येक गावातल्या एका मुलाला साधा फोन करा आणि बाकीच्यांना सांगायची जबाबदारी त्याच्यावर टाका.

पहाटे

15. पाच वाजता उठून नियंत्रण कक्षाला फोन करा. *सांभाळा:* सहा वाजले की उशीर झाला. साडेसातच्या तासाला येणारी मुलं तोवर गावच्या फाट्यावर उभी असतात.

16. रात्रीचा निर्णय बदलला असेल तर साडेपाचच्या आत नवा संदेश पाठवा. *सांभाळा:* ‘उशिरा’ असं नुसतं लिहू नका. ‘10.30 वाजता, तिसऱ्या तासापासून’ असं लिहा, नाहीतर दहा जण दहा वेळांना येतील.

17. देवपूर बसस्थानकावर आणि मुख्य बसस्थानकावर राष्ट्रीय सेवा योजनेची दोन-दोन मोठी मुलं उभी करा. *सांभाळा:* त्यांना पुलावर पाठवू नका, अगदी ‘बघून ये’ म्हणूनसुद्धा नाही. गुडघ्याखालचं वाहतं पाणीही माणसाला पाडतं आणि दोन फूट पाण्यात चारचाकी तरंगते.

तास सुरू असताना पाणी वाढलं तर

इथे हात थरथरतात, माहीत आहे. माझ्याबरोबर हळूहळू चला.

18. सुट्टीची घंटा वाजवू नका. *सांभाळा:* घंटा झाली की पाचशे मुलं एकदम पुलाकडे निघतात, आणि पांझरेवरच्या लहान पुलावर पाणी बघायला आधीच गर्दी असते. मला विचाराल तर दिवसभरातली सगळ्यांत मोठी चूक हीच.

19. भोंग्यावरून सगळ्यांना आपापल्या वर्गात बसायला सांगा. *सांभाळा:* तळमजल्यावरचे वर्ग आधी वर न्या.

20. यादी घेऊन गावनिहाय मोजणी करा. *सांभाळा:* ग्रंथालय, जिमखाना, सायकल स्टँड आणि कँटीन इथेही माणूस पाठवा. हजेरीपटात नसलेली मुलं तिथे सापडतात.

21. घरी फोन करा. घरची भाषा अहिराणी असेल तर अहिराणीतच बोला. “पोर कॉलेजमाच शे” एवढं वाक्य ऐकलं की पलीकडची आई खाली बसते. *सांभाळा:* बापाला मोटारसायकल घेऊन निघू नका, हे स्पष्ट सांगा. न्यायला येणारा माणूसच फरशीवर अडकतो.

22. ज्या वाटा उघड्या आहेत तिथली मुलं एकेका वाटेच्या गटाने सोडा. *सांभाळा:* विजा होत असतील तर शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. ‘दामिनी’ अ‍ॅपवर जवळपासच्या विजा दिसतात, तेही पाहा.

23. राहिलेल्या मुलांच्या रात्रीची सोय करा. मुलींसाठी वरच्या मजल्यावरची कडी नीट लागणारी खोली आणि सोबतीला दोन शिक्षिका, मुलांसाठी दुसऱ्या बाजूची खोली. रात्री कँटीनमध्ये खिचडी टाका, गरम आणि भरपूर. *सांभाळा:* जो कोणी घ्यायला येईल त्याच्या हाती मुलगी देऊ नका. घरी फोन लावून, नाव विचारून, वहीत सही घेऊनच सोडा.

24. पाणी आवारात शिरायला लागलं की तळमजल्याचा मेन स्विच बंद करा. *सांभाळा:* पायाखाली पाणी असेल तर बोर्डाला हात लावू नका. वीज कंपनीला फोन करा. प्रयोगशाळेतले गॅसचे व्हॉल्व्ह त्याआधीच बंद झालेले असावेत.

पाणी ओसरल्यावर

25. आधी फोटो काढा, मग झाडू मारा. *सांभाळा:* साफसफाई आधी झाली तर पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही.

26. वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नका. *सांभाळा:* वाळलेली दिसणारी भिंतसुद्धा आतून ओली असते.

27. पिण्याच्या पाण्याची टाकी उपसून, धुऊन, टीसीएल पावडर टाकून घ्या. *सांभाळा:* तोवर नळांवर ‘पिऊ नका’ असा कागद चिकटवा.

28. हजेरीपटात त्या दिवसापुढे ‘अतिवृष्टीमुळे अध्यापन बंद’ लिहा आणि आदेशाची प्रत जोडा. *सांभाळा:* कोणाचीही गैरहजेरी लावू नका. 75 टक्के हजेरीचा हिशेब सत्राच्या शेवटी होतो आणि तेव्हा हा पूर कोणाला आठवत नाही. कॉलेज सुरू असूनही ज्यांची फरशी बुडालेली होती, त्यांची नावं वेगळी लिहून ठेवा.

29. बुडालेले तास भरून काढायचं वेळापत्रक त्याच आठवड्यात लावा. *सांभाळा:* तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना आधी विचारा. त्यांचं मानधन तासावर असतं, आणि चार दिवस कॉलेज बंद राहिलं तर त्यांच्या घरात ते जाणवतं. त्यांचे तास सर्वांत आधी लावा. जादा तास संध्याकाळी ठेवू नका, शेवटची एसटी चुकते.

  

30. आता वही परत उघडा आणि पहिल्या पायरीतली यादी दुरुस्त करा. या वेळी कोणती फरशी बुडाली जी आपल्या यादीत नव्हती? कोणता फोन लागला नाही? कोणत्या गावच्या मुलाने निरोप पोहोचवला नाही, आणि त्याच्या जागी कोण? *सांभाळा:* हे काम चिखल वाळायच्या आत करा, म्हणजे सगळं आठवतं. झालं की वही आणि चाव्यांचा जुडगा टेबलाच्या वरच्या खणात ठेवा, कुलूप न लावता.