क्रँक कार्बनचा की अलॉयचा?

प्रश्न : माझ्या रोड बाइकला अलॉयचा क्रँकसेट आहे. सिंहगड चढताना दमछाक होते. कार्बनचा बसवला तर फरक पडेल का?

उत्तर : फारसा नाही. वजन शंभर-दीडशे ग्रॅमने घटेल, इतकेच. शिमानोचा सर्वांत वरचा ड्युरा-एस क्रँकसेटही अ‍ॅल्युमिनियमचाच असतो. आर्म आतून पोकळ असल्याने तो हलका आणि तरीही कणखर राहतो. कार्बनचा आर्म बूट घासून झिजतो आणि आपटला तर आतली चीर पटकन दिसत नाही. शिवाय अ‍ॅक्सलचा व्यास वेगळा निघाला, तर बॉटम ब्रॅकेटही बदलावा लागतो.

तेच पैसे गिअरवर घाला : पुढे 50-34, मागे 11-34. 34 ला 34 म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाकाचीही एकच फेरी. चढ नक्की सुसह्य होईल. मात्र मागचा डिरेलर 34 दात पेलतो का, हे मेकॅनिककडून आधी तपासून घ्या.