पिंजऱ्याला श्रेय देण्याआधी

पोरी, तू पुण्यात पीएच.डी.ला लागलीस आणि विषय घेतलास धातूंच्या पिंजऱ्यांचा, हे पारावर कळल्यापासून रोज कुणीतरी विचारतं, "पिंजऱ्यात ठेवणार काय, पोपट?" रेणू म्हटलं की हसतात. आपली अंतरवाली सराटी २०२३ च्या उपोषणानं साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली. त्याआधी "वडीगोद्रीजवळ" असं सांगावं लागे. तुझा विषयही अजून तसाच ओळख जोडून सांगावा लागतो. २०२५ चं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना ज्या धातू-सेंद्रिय जाळ्यांसाठी मिळालं, त्यांच्या भावकीतलाच हा पिंजरा. जाळं पसरत जातं, पिंजरा भिंतींपाशी संपतो आणि द्रावणात विरघळतो, एवढाच फरक. तुमच्या पुण्यातच, आयसरमध्ये, बूमिशंकर यांच्या गटानं विद्युतभार नसलेले पॅलेडियमचे पिंजरे बांधलेत. ते आधी वाच.

मी निम्मी हयात पॅलेडियमच्या क्षारांत घालवली, आता मोसंबीत घालवतोय. तेव्हा ऐक.

हात बसवायला फुजितांचा १९९५ चा पिंजरा कर. सहा पॅलेडियम, चार त्रिकोणी लिगंड. क्लोराइडचा क्षार सिल्व्हर नायट्रेटनं नायट्रेट करून घ्यावा लागतो. फ्लास्कला फॉइल गुंडाळ, सिल्व्हर क्लोराइड सेलाइटवरून दोनदा गाळ. क्लोराइड मागं राहिलं तर ते पॅलेडियमला चिकटून बसतं आणि लिगंडची जागा अडवतं. हातमोजे विसरलीस तर बोटं आठवडाभर काळी राहतील; घरी मेंदी म्हणून खपत नाही, मी करून पाहिलंय.

मग तराजू. एक शतांश मिलिमोल पिंजऱ्याला क्षार १७.४ मिलिग्रॅम आणि लिगंड १२.५ मिलिग्रॅम लागतो. क्षारानं ओल धरली असेल तर काटा खरं बोलतो आणि प्रमाण खोटं ठरतं. लिगंड पाण्यात विरघळत नाही, पांढरा गाळ तरंगत राहतो. घाबरू नकोस, ऊब देत ढवळत राहा. पिंजरा जमत जातो तसा गाळ नाहीसा होतो आणि पाणी नितळ होतं. बंध चुकीचा जुळला तर तो सुटून परत जुळतो, त्याला वेळ लागतो. पहिल्या तासाला एनएमआरमध्ये शिखरांची गर्दी दिसली म्हणून नळी ओतून देऊ नकोस. रात्रभर ऊब दे, सकाळी परत बघ. गर्दी ओसरून मोजकी शिखरं उरली तर सममित काहीतरी जमलंय. पण ते किती मोठं, हे शिखरं सांगत नाहीत. त्यासाठी डॉसी एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमेट्री.

स्फटिक आले की ज्या द्रावणात वाढले त्यातच ठेव. आतली पोकळी द्रावकानं भरलेली असते. गाळणकागदावर सुकवलेस तर खुडून उन्हात टाकलेल्या मेथीसारखे मान टाकतील, आणि क्ष-किरणवाल्यापुढं तुझीही मान खाली जाईल.

आता उत्प्रेरणाचं, कारण खरी फसगत तिथं होते. उत्पन्न वाढलं की ते पिंजऱ्यानंच केलं असं वाटायला लागतं. माझं एकदा असंच झालं. तीन महिने खूश होतो. मग नुसता पॅलेडियमचा क्षार टाकून पाहिला, तर उत्पन्न तेवढंच. पिंजऱ्यातून सुटलेला धातू काम करत होता आणि पोकळी रिकामीच होती. म्हणून चार फ्लास्क नेहमी शेजारी लाव: काहीच न घातलेला, नुसत्या क्षाराचा, नुसत्या लिगंडचा आणि चौथा असा पिंजरा ज्याची पोकळी घट्ट बसणाऱ्या पाहुण्या रेणूनं आधीच अडवली आहे. रेमंड आणि बर्गमन यांनी गॅलियमच्या पिंजऱ्यात टेट्राएथिलअमोनियम भरून हेच दाखवलं. वेग पडला, तेव्हा काम आत होतं हे ठरलं.

दुसरी अडचण पाहुणा न निघण्याची. तयार झालेला पदार्थ कच्च्या मालापेक्षा आत जास्त रमला की एक फेरा होऊन काम ठप्प. त्याच गॅलियमच्या पिंजऱ्यात नाझारोव्ह वलयीकरण वीस लाख पटींहून अधिक वेगानं झालं, २०१० साली. तिथंही तयार पदार्थ पोकळी अडवत होता. मॅलेइमाइड घालून त्याला बाहेरच्या बाहेर अडकवावं लागलं. फुजितांनी २००६ मध्ये वाटीसारख्या उघड्या पिंजऱ्यात अँथ्रासीनवर डील्स-आल्डर केली. तिथं पदार्थाची पाठ वाकते, भिंतीला नीट टेकत नाही, आणि तो आपण होऊन बाहेर पडतो. मला विचारशील तर त्या वीस लाखांपेक्षा ही वाकलेली पाठ मोठी. वेग पुष्कळांनी वाढवलाय, पाहुण्याला न सांगता निघायला लावणं थोड्यांना जमलंय.

दिवाळीला येशील तेव्हा प्रयोगवही घेऊन ये. फोनमधले फोटो नकोत, या चष्म्यातून मला त्यातलं काही दिसत नाही. आणि फसलेल्या प्रयोगांची पानं फाडलेली नसावीत, मी ती आधी मागणार आहे.