बंदिस्त लागवड आणि उष्ण हवेचा निचरा

मुंबईच्या दक्षिण भागात, कफ परेडच्या उत्तुंग इमारतींच्या शेजारी मच्छीमार नगर ही कोळी बांधवांची वस्ती समुद्रकाठी वसलेली आहे. घराला घर लागून असलेल्या अशा वस्तीत अंगण दुर्मिळ असते. पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या काळात घरबसल्या पूरक उत्पन्न मिळावे म्हणून खोलीच्या कोपऱ्यात कापडी तंबू उभारून, विजेच्या दिव्यांखाली पालेभाज्या किंवा रोपे वाढविण्याची कल्पना आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तंबूतील उष्ण हवा कोठे जाणार, या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले पाहिजे. अन्यथा रोपे तर करपतीलच, शिवाय त्याच खोलीत झोपणारी मुले व वृद्ध यांनाही त्याची झळ पोहोचेल.

उष्णतेचा हिशोब

दिवा कोणत्याही प्रकारचा असो, त्याने घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. पानांनी शोषलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंशच वनस्पतीत साठतो. पानांतून बाष्परूपाने बाहेर पडणारी उष्णताही दमट हवेबरोबर खोलीतच राहते. एकूण 200 वॅटचे दिवे एक तास चालले, तर 720 किलोज्यूल उष्णता निर्माण होते. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद व पावणेतीन मीटर उंच खोलीत सुमारे 25 घनमीटर हवा मावते. ही सर्व उष्णता केवळ हवेतच राहिली असती, तर तापमान तासाभरात सुमारे 24 अंशांनी वाढले असते. प्रत्यक्षात भिंती, छप्पर व सामान बरीच उष्णता शोषून घेतात, म्हणून वाढ कमी होते. पण तापलेल्या भिंती रात्री तीच उष्णता परत देतात.

फसवे उपाय

तंबूत पंखा लावल्याने हवा फिरते, उष्णता नाहीशी होत नाही; उलट पंख्याच्या मोटरची उष्णता तीत मिळते. तंबूची हवा नळीने खोलीत सोडली, तर खोली हाच मोठा तंबू बनतो. पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कूलर विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी पडतो. मुंबईच्या दमट हवेत पाणी पुरेसे उडत नाही आणि दमटपणा मात्र वाढून रोपांवर बुरशी येते.

बर्फाचे मोल मच्छीमारांना वेगळे सांगावयास नको. एक किलो बर्फ वितळताना सुमारे 334 किलोज्यूल उष्णता शोषतो. वितळण्यापुरताच हिशोब धरला, तरी वरील दिव्यांसाठी तासाला दोन किलोंहून अधिक, म्हणजे बारा तासांना सुमारे 26 किलो बर्फ लागेल. हा व्यवहार परवडणारा नाही. वातानुकूलन यंत्रही उष्णता नष्ट करीत नाही, ते ती बाहेर टाकते. त्यासाठीही बाहेरची वाट हवीच.

योग्य मार्ग

बाहेरच्या हवेपेक्षा आतील तापमान चार अंशांहून अधिक वाढू नये असे ठरविल्यास, 200 वॅटसाठी तासाला सुमारे 150 घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. म्हणजे वर उल्लेखिलेल्या खोलीतील हवा तासाला सहा वेळा बदलली पाहिजे. भिंतीत मार्ग नसल्यास खिडकीच्या वरच्या तावदानाच्या जागी फळी बसवून, तिच्यातील छिद्रातून नळी बाहेर काढता येते. उष्ण हवा वर जाते. म्हणून बाहेर फेकणारा पंखा तंबूच्या माथ्याशी आणि ताज्या हवेची वाट समोरच्या बाजूस तळाशी असावी. आत येण्याची वाट बाहेर जाण्याच्या वाटेपेक्षा मोठी ठेवावी. नळी आखूड व सरळ असावी. अरुंद गल्लीत तिचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नसावे.

त्याचबरोबर उष्णतेचा उगमही कमी करावा. आवश्यक तेवढेच दिवे लावावेत आणि ते शक्यतो रात्री, बाहेरची हवा त्यातल्या त्यात थंड असताना चालवावेत. खाऱ्या हवेने विजेचे जोड गंजतात, म्हणून त्यांची तपासणी नियमाने व्हावी.

मार्गच नसेल तर

ज्या घराला बाहेर उघडणारी एकही खिडकी नाही, तेथे असा तंबू उभारू नये, हाच प्रामाणिक सल्ला होय. पूरक व्यवसायाच्या योजना तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी दिव्यांची संख्या विचारण्यापूर्वी हवेची वाट पाहावी. शिक्षकांना हे तत्त्व वर्गातही दाखविता येईल: खोक्यात छोटा दिवा व तापमापक ठेवून प्रथम सर्व बाजू बंद कराव्यात, नंतर खाली व वर एकेक छिद्र पाडून तापमानातील फरक नोंदवावा.

कोळीवाड्यांना हे तत्त्व अपरिचित नाही. बोंबील सुकविण्यासाठी बांबूंवर उघड्या वाऱ्यात टांगले जातात, कारण उन्हाबरोबर ओलावा वाहून नेणारा वाराही लागतो. मुंबईच्या किनाऱ्यावरील वाळूत वाढणारी समुद्रमेथी तर दिव्यावाचून थोड्याच दिवसांत काढणीस येते. जेथे उष्ण हवेला वाट नाही, तेथे खिडकीतील उजेडात वाळूच्या पाटीत उगवलेली मेथीच अधिक हिताची ठरेल.